नकाशे काढणाऱ्यांचा मेळावा : आपल्या मुलामुलींनी त्यातून काय घ्यावे?



दहावीनंतर आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा ट्रेड केलेली, किंवा सिव्हिल-मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन एखाद्या आर्किटेक्टच्या, कंत्राटदाराच्या नाहीतर कारखान्याच्या ऑफिसात लागलेली मुले-मुली आज आपल्याकडे बऱ्याच घरांत आहेत. वडील कारखान्यात, आई चार घरची कामे करणारी, आणि मुलगी मात्र कॉम्प्युटरवर इमारतीचे नकाशे काढते, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण वर्ष-दोन वर्षे गेली की हीच मुलगी घरी येऊन म्हणते, "तेच तेच काम देतात. साहेब लाल पेनाने खुणा करून देतात, त्या मी दुरुस्त करते. पुढचे कोणी शिकवत नाही."

तिचे म्हणणे खोटे नसते. नकाशाच्या कामात दोन तऱ्हेची माणसे असतात. एक, दुसऱ्याने सांगितलेल्या रेषा काढणारी. दुसरी, जिला अडचण आल्यावर सगळे ऑफिस विचारायला येते. पूर्वी ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपरवर काम चाले तेव्हाही हा फरक होताच. सरकारी खात्यांत तर अनुरेखक आणि आरेखक अशी पदेच वेगवेगळी असत. आज बोर्ड जाऊन कॉम्प्युटर आला, पण फरक तसाच राहिला. पगारात, मानात आणि नोकरी टिकण्यात तो दिसतो. काम कमी झाले की आधी कोणाला घरी बसवतात, हे वेगळे सांगायला नको.

मग पुढचे शिकायचे कोठे? ऑफिसातला जुना माणूस आपली विद्या सहजासहजी देत नाही. क्लासवाल्यांकडे जावे तर पुन्हा पैसे भरा, आणि रेषा कशी काढायची इथपासून सुरुवात. म्हणून या वेळी एका मेळाव्याची माहिती देत आहोत. मेळावा अमेरिकेत भरतो. आपल्यापैकी कोणी तेथे जावे असे आमचे सांगणे नाही. पण तेथे जे शिकवले जाते त्यातले पुष्कळसे घरबसल्या, एक पैसाही न देता मिळते, हे आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे.

मेळावा कसला, कोणाचा?

नकाशे काढण्यासाठी जगभर वापरला जाणारा ऑटोकॅड हा प्रोग्राम ऑटोडेस्क नावाच्या कंपनीचा. ही कंपनी १९८२ साली जॉन वॉकर आणि त्यांच्या सोबत्यांनी कॅलिफोर्नियात सुरू केली आणि त्याच वर्षी ऑटोकॅड बाजारात आणला. १९९३ साली सॅन फ्रान्सिस्को येथे कंपनीने आपल्या प्रोग्रामवर काम करणाऱ्यांना एकत्र बोलावले. त्या मेळाव्याला नाव दिले ऑटोडेस्क युनिव्हर्सिटी. तेव्हापासून तो भरत आला आहे. पुष्कळ वर्षे तो लास वेगास येथे भरे. २०२० आणि २०२१ साली साथीमुळे तो फक्त इंटरनेटवर झाला. पुढे २०२२ मध्ये न्यू ऑर्लिन्स, २०२३ मध्ये पुन्हा लास वेगास, २०२४ मध्ये सॅन डिएगो आणि २०२५ मध्ये नॅशव्हिल येथे तो भरला.

नावात युनिव्हर्सिटी असली तरी हे विद्यापीठ नव्हे. येथे पदवी मिळत नाही. तीन दिवसांत शेकडो वर्ग भरतात, एकेक वर्ग साधारण तासाभराचा. आर्किटेक्ट, इंजिनिअर, ड्राफ्ट्समन, कारखान्यातले डिझाइनर, रस्ते-पूल आखणारे असे हजारो लोक येतात. पूर्ण प्रवेशिकाच फार महाग पडते. विमान, व्हिसा, राहणे वेगळेच. म्हणजे तेथे बसणारा माणूस बहुधा कंपनीच्या खर्चाने आलेला असतो.

पण यात एक गोष्ट आपल्या कामाची आहे. वर्ग घेणारे सगळे मोठे प्रोफेसर किंवा कंपनीचे साहेब नसतात. त्यातले पुष्कळजण रोज हेच काम करणारे असतात. आपल्या ऑफिसात आलेली अडचण त्यांनी कशी सोडवली हे ते सांगतात. कंपनी वर्ग घेऊ इच्छिणाऱ्यांकडून प्रस्ताव मागवते आणि त्यातून निवड करते. अशा वर्गाचे लेखी टिपण बनवलेले असते. मागच्या अनेक वर्षांच्या वर्गांची टिपणे आणि चित्रफिती ऑटोडेस्कच्या संकेतस्थळावर पाहायला ठेवलेल्या आहेत. ऑफिसातला जुना माणूस जे सांगायला कां कूं करतो, ते हजारो मैलांवरचा दुसरा माणूस आकृत्यांसह लिहून देतो.

वर्ग निवडावा कसा?

येथेच बहुतेकांची फसगत होते. यादी उघडली की डोळे दिपतात. कोठे गगनचुंबी इमारत, कोठे यंत्रमानव, कोठे कृत्रिम बुद्धिमत्ता. मुले दोन-तीन तास मोठमोठी भाषणे पाहतात, "वा!" म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन पुन्हा लाल खुणा दुरुस्त करतात. पाहण्याने हात तयार होत नाही.

म्हणून पहिला नियम असा. यादी उघडण्याआधी वही उघडावी. गेल्या आठवड्यात काम कोठे अडले, वेळ कोठे वाया गेला, साहेबांचे बोलणे कशावरून खाल्ले, अशा तीन गोष्टी लिहून काढाव्यात. "एका मजल्याचा खांब सरकवला, पण दुसऱ्या तीन नकाशांत सरकवायचा राहिला." "दारे-खिडक्यांचा तक्ता हाताने मोजला, दोन दारे चुकली." "बाहेरून आलेली फाईल उघडायलाच दहा मिनिटे लागली." या तीन ओळी म्हणजे तुमची यादी. यांचे उत्तर देईल तोच वर्ग तुमचा.

दुसरा नियम. वर्गाच्या माहितीत तो शिकून काय येईल याची तीन-चार वाक्ये दिलेली असतात, ती आधी वाचावीत. त्यातले एकही वाक्य आपल्या वहीतल्या अडचणीशी जुळत नसेल तर वक्ता कितीही नामांकित असो, तो वर्ग सोडावा. वर्ग नवशिक्यांसाठी, मध्यम की तयार माणसासाठी, हेही दिलेले असते. तेथे खोटा अभिमान बाळगू नये.

तिसरा नियम. वर्षाला भुलू नये. आपल्याकडच्या पुष्कळ ऑफिसांत ऑटोकॅडची जुनीच आवृत्ती चालते. लेअर, ब्लॉक, प्लॉटिंग यांवरचा दहा वर्षांपूर्वीचा वर्ग आजही तितकाच उपयोगी पडतो. मात्र रेव्हिट किंवा फ्युजनसारख्या प्रोग्रामचा वर्ग अलीकडचा घ्यावा, कारण त्यांचा पडदा वरचेवर बदलतो.

पाच विषय, या क्रमाने

आता ऑटोकॅडवर काम करणाऱ्या, विशेषतः बांधकामाच्या क्षेत्रातल्या मुलामुलींनी कोणत्या विषयांचे वर्ग पाहावेत ते क्रमाने सांगतो.

१. छोट्या युक्त्यांचा वर्ग. या मेळाव्यात तासाभरात अनेक युक्त्या सांगण्याचे वर्ग पुष्कळ वर्षे चालत आले आहेत. ऑटोडेस्कच्या लिन ॲलन बाई अशा वर्गांसाठी प्रसिद्ध होत्या. सुरुवात येथून करावी, कारण फळ त्याच दिवशी मिळते. मात्र सगळ्या युक्त्या घेऊ नयेत. पाच निवडाव्यात आणि आठवडाभर रोज वापराव्यात. रोज शंभर वेळा करावे लागणारे काम दोन क्लिकने कमी झाले, तर संध्याकाळी हात कमी दुखतो आणि साहेबांच्याही ते नजरेस येते.

२. फाईल साफ करण्याचा वर्ग. दुसऱ्या ऑफिसातून आलेल्या फायली बहुधा घाण असतात. रेषेवर रेषा चढलेली, न वापरलेले ब्लॉक आणि लेअर साचलेले. ऑटोकॅडमध्ये पर्ज ही आज्ञा न वापरलेले सामान काढून टाकते, ओव्हरकिल ही एकावर एक आलेल्या दुबार रेषा काढते आणि ऑडिट ही फाईलमधले दोष तपासून दुरुस्त करते. तीन आज्ञा, पण कोणती केव्हा द्यायची आणि देण्याआधी फाईलची प्रत का ठेवायची हे समजून घ्यावे लागते. ऑफिसात "ती फाईल हिच्याकडे द्या, ती नीट करून देईल" असे नाव झाले, की दुसऱ्यांच्या लाल खुणांपलीकडचे पहिले काम हातात आले म्हणून समजा.

३. ब्लॉक आणि मोजणीचा वर्ग. दार, खिडकी, संडासाचे भांडे, दिवा ही चित्रे पुन्हापुन्हा लागतात. ती ब्लॉक म्हणून ठेवतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण २००६ च्या आवृत्तीपासून ऑटोकॅडमध्ये डायनॅमिक ब्लॉक आले. म्हणजे ७५० मिलिमीटरचे, ९०० चे आणि १००० चे दार अशी तीन चित्रे वेगळी न ठेवता एकच दार हवे त्या मापाचे करता येते. ब्लॉकला माहिती जोडून ठेवली तर कोणत्या मापाची दारे किती, हा तक्ता कॉम्प्युटर स्वतः काढतो. २०२२ च्या आवृत्तीत तर मोजणीसाठी काउंट नावाची वेगळी सोयच दिली. हाताने मोजलेल्या तक्त्यात दोन दारे कमी भरली, तर साईटवर सुतार हात बांधून बसतो आणि बोलणी मात्र नकाशा काढणाऱ्याला खावी लागतात. म्हणून हा वर्ग चुकवू नये.

४. एक्सरेफचा वर्ग. आमच्या मते ऑटोकॅडमधला सर्वात महत्त्वाचा विषय हाच आहे आणि आपली मुले नेमकी हाच टाळतात. समजा तळमजल्याचा नकाशा एकाने काढला. त्यावर विजेची वायरिंग दुसरा दाखवणार, पाण्याची पाईपलाईन तिसरा. तिघांनी मूळ नकाशाची नक्कल आपापल्या फाईलमध्ये चिकटवली, तर एका इमारतीचे तीन नकाशे झाले. उद्या खांब दीडशे मिलिमीटर सरकला की तो एका फाईलमध्ये सरकतो, दोन फायलींत जुन्याच जागी राहतो. एक्सरेफमध्ये नक्कल चिकटवत नाहीत. मूळ फाईल जोडून ठेवतात. मूळ बदलले की जोडलेल्या सगळ्या ठिकाणी नवा बदल दिसतो. हे तत्त्व ज्याला उमगले तो एका नकाशाचा राहत नाही, सगळ्या कामाचा मेळ त्याला समजू लागतो. फोल्डरची मांडणी कशी करावी, फाईल हलवल्यावर जोड का तुटतो, हे या वर्गांत सांगतात. ते अक्षर न् अक्षर लिहून घ्यावे.

५. ऑटोलिस्पची ओळख. ऑटोकॅडला स्वतःच्या आज्ञा शिकवण्याची ही भाषा १९८६ पासून ऑटोकॅडमध्ये आहे. नाव ऐकून घाबरू नये. ही भाषा शिकणारा प्रत्येकजण प्रोग्रामर होत नाही. दोनशे फ्लॅटच्या दारांना ओळीने क्रमांक घालायचे आहेत, हे काम हाताने केले तर दिवस जातो आणि चूकही होते. तेच दहा-पंधरा ओळींच्या ऑटोलिस्पने काही मिनिटांत होते. सुरुवातीला दुसऱ्याने टिपणात दिलेल्या ओळी जशाच्या तशा चालवून पाहाव्यात, मग एकेक शब्द बदलून काय होते ते पाहावे. ऑटोकॅड एलटी या स्वस्त प्रोग्राममध्ये पूर्वी ही सोय नव्हती. २०२४ च्या आवृत्तीपासून तेथेही ती आली. त्यामुळे लहान ऑफिसांतल्या मुलांनाही आता ही वाट मोकळी झाली आहे.

रेव्हिटचे काय?

"ऑटोकॅड संपले, आता सगळे रेव्हिट" असे मुलांच्या कानावर येते. रेव्हिटची पहिली आवृत्ती २००० साली निघाली आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने ती कंपनीच विकत घेतली. त्यात नुसत्या रेषा नसतात, इमारतच कॉम्प्युटरमध्ये उभी करतात. प्लॅनमध्ये दार घातले की तेच दार एलिव्हेशनमध्ये, सेक्शनमध्ये आणि दारांच्या तक्त्यात आपोआप येते. मोठ्या प्रकल्पांवर हेच चालते आणि पगारही तेथे बरा मिळतो, हे खरे. पण लहान आर्किटेक्ट, कंत्राटदार यांच्याकडे ऑटोकॅडचे काम अजून भरपूर आहे. शिवाय रेव्हिटला १६ जीबी मेमरीचा दणकट कॉम्प्युटर लागतो. म्हणून वरचे पाच विषय हातात आल्यावर रेव्हिटच्या नवशिक्यांच्या वर्गाकडे जावे. इमारत कशी बांधतात, भिंत कशावर उभी असते, स्लॅब-बीमचा संबंध काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला रेव्हिट लवकर येते. ज्याला फक्त आज्ञा पाठ आहेत त्याला ते अवघडच जाते. गवंडीकाम, सेंट्रिंगचे काम ज्यांच्या घरात आहे त्या मुलांनी बापाबरोबर, काकाबरोबर एखादा रविवार साईटवर काढावा. तो वर्ग मेळाव्यात मिळत नाही.

मेकॅनिकलच्या मुलांनी इन्व्हेंटर आणि फ्युजनचे वर्ग पाहावेत. स्वतःच्या, बिनकमाईच्या वापरासाठी फ्युजन मर्यादित सोयींसह विनामूल्य मिळते.

तेथे गेलेले लोक आणखी काय करतात?

वर्गांशिवाय मेळाव्यात इतरही गोष्टी असतात. कॉम्प्युटरसमोर बसवून हाताने करून घेणाऱ्या प्रयोगशाळा असतात. आन्सर बार नावाची जागा असते. तेथे जाऊन आपली अडचण जाणकाराला थेट विचारता येते. एकाच कामाची माणसे गोल टेबलाभोवती बसून बोलतात. प्रमाणपत्राची परीक्षा देण्याची सोय असते. अजून बाजारात न आलेल्या सोयी लोकांच्या हाती देऊन त्यांना कोठे अडते हे कंपनीचे लोक पाहतात. यंत्रे आणि प्रोग्राम विकणाऱ्यांचे मोठे प्रदर्शनही असते.

तेथे गेलेले लोक सांगतात की वर्ग नंतरही पाहता येतात, पण प्रश्न विचारायला मिळणे आणि माणसे भेटणे हाच खरा लाभ. हे बरोबर आहे. पण यातले पुष्कळसे आपण आपल्या जागी करू शकतो.

प्रयोगशाळा घरी करता येते. चित्रफीत दोन मिनिटे पाहावी, थांबवावी, तेच स्वतः करावे, मगच पुढे जावे. तासाच्या वर्गाला अशाने तीन तास लागतील. लागू द्यावेत.

गोल टेबलही आपले आपण मांडावे. ड्राफ्ट्समन म्हणून काम करणारे किंवा शिकणारे चार-पाच जण आसपासच्या वस्त्यांत सहज सापडतील. महिन्यातल्या एका रविवारी अभ्यासिकेत किंवा कोणाच्या घरी दोन तास बसावे. प्रत्येकाने महिन्यात शिकलेली एकच गोष्ट दाखवावी आणि अडलेली एकच गोष्ट विचारावी. मात्र ऑफिसातल्या फायली बाहेर आणू नयेत, तो मालकाचा माल आहे. सरावासाठी आपल्या राहत्या खोलीचा नकाशा टेपने मोजून काढावा. दहा बाय बाराच्या खोलीतही दार, खिडकी, मोरी, ओटा, माळा, सगळे असते.

परीक्षेची घाई करू नये. ऑटोडेस्कची प्रमाणपत्रे खरी असतात, पण त्यांची फी भरावी लागते आणि मोठ्या प्रमाणपत्राला मुदतही असते. आधी काम, मग परीक्षा. मेळाव्याला हजर राहिल्याचा दाखला म्हणजे लायकीचा दाखला नव्हे, हेही ध्यानात असावे. परदेशी मेळाव्याला नेतो, सर्टिफिकेट देतो, नोकरी लावतो असे सांगून कोणी आगाऊ पैसे मागितले तर एक रुपया देऊ नये.

पैशाचा आणि इंग्रजीचा प्रश्न

हा मेळावा भरवणारी कंपनी प्रोग्राम विकणारी आहे, हे विसरून चालणार नाही. उद्घाटनाची भाषणे आणि नव्या सोयींची प्रात्यक्षिके ही बरीचशी जाहिरात असते. २०१६ पासून कंपनीने ऑटोकॅड कायमचा विकत देणे नव्या गिऱ्हाइकांसाठी बंद केले. आता तो मुदतीच्या भाड्यानेच घ्यावा लागतो आणि ते भाडे आपल्या खिशाला झेपणारे नाही. पण शिकत असलेल्या विद्यार्थ्याला, तो खरोखर विद्यार्थी आहे याची खात्री पटवल्यावर, तोच प्रोग्राम वर्षभरासाठी विनामूल्य मिळतो आणि शिक्षण चालू असेपर्यंत मुदत वाढवून घेता येते. आयटीआय-डिप्लोमात असतानाच ही सोय घ्यावी. त्यावर पैशाचे काम मात्र करता येत नाही. चोरीची प्रत घालू नये. त्यात कायद्याची भीती आहेच, शिवाय तिच्याबरोबर व्हायरस येतो आणि कॉम्प्युटर बिघडतो.

शिक्षण संपलेल्यांसाठी लिब्रेकॅड आणि फ्रीकॅड हे पूर्णपणे मोफत प्रोग्राम आहेत. फ्रीकॅडची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये निघाली. लिब्रेकॅड जुन्या कॉम्प्युटरवरही चालतो. आज्ञांची नावे थोडी वेगळी असली तरी लेअर आणि ब्लॉक यांचा विचार तोच आहे.

राहिले इंग्रजी. वर्ग बहुतेक इंग्रजीतच असतात आणि बोलणारा भरभर बोलतो. यावर सोपा उपाय आहे. आधी चित्रफीत लावूच नये. आधी टिपण उतरवून घ्यावे. त्यात पायऱ्या क्रमाने दिलेल्या असतात, चित्रे असतात. मोबाईलवर वाचता येते, झेरॉक्सच्या दुकानात छापून घेता येते. अडलेले शब्द वहीत लिहावेत. त्यातले निम्मे शब्द ऑफिसात रोज ऐकलेलेच निघतील. टिपण समजल्यावर चित्रफीत लावली की बोलणे आपोआप कळू लागते. शिवाय डेटाही कमी जातो, कारण कोणती चित्रफीत पाहायची हे आधीच ठरलेले असते.

महिन्याचा हिशेब

नोकरी करून हे कसे जमावे? महिन्याला एकच विषय घ्यावा. पहिल्या आठवड्यात टिपण वाचावे. दुसऱ्या आठवड्यात चित्रफीत थांबवत-थांबवत पाहावी आणि सोबत करावे. तिसऱ्या आठवड्यात तेच आपल्या खोलीच्या नकाशावर टिपणाशिवाय करून पाहावे. चौथ्या आठवड्यात ऑफिसच्या खऱ्या कामात, साहेबांना विचारून, फाईलची प्रत ठेवून वापरावे. आठवड्याला तीन तास पुरतात. वर सांगितलेले पाच विषय पाच महिन्यांत होतात. वर्षात पन्नास वर्ग पाहणाऱ्यापेक्षा पाच वर्ग हाताने केलेला माणूस केव्हाही पुढे राहील.

शेवटी आई-वडिलांशी दोन शब्द. तुम्हाला ऑटोकॅड कळत नाही म्हणून तुम्ही बाजूला होता. तसे होऊ नका. तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. पहिली, वेळ. मुलगा कॉम्प्युटरवर बसला की घर चिडीचूप होते, आणि मुलगी बसली की "जरा कणीक मळून घे" म्हणून तिला उठवले जाते. ती कमावून आणते, तेव्हा आठवड्यातले हे तीन तास तिचे तिला मिळालेच पाहिजेत. ताटे भावानेही घासावीत. दुसरी गोष्ट, प्रश्न. रविवारी मुलाला किंवा मुलीला एकच विचारा, "या आठवड्यात काय करून पाहिलेस ते मला दाखव." पाहिलेस काय, असे विचारू नका. केलेस काय, हे विचारा. अडाणी आईला समजेल असे जी मुलगी एक्सरेफ समजावून सांगू शकते, तिला तो खरोखर आला म्हणायचा.

त्या दूरच्या मेळाव्यात वर्ग घेणारी पुष्कळ माणसे कधीतरी अशीच दुसऱ्याच्या लाल खुणा दुरुस्त करत होती. एक अडचण पुरती सोडवली, ती नीट लिहून काढली आणि दहा जणांना सांगितली, यावरच ती तेथे उभी राहिली. आपल्या मुलामुलींनीही तेथूनच सुरुवात करावी. आज रात्री वही उघडावी आणि पहिली ओळ लिहावी, "या आठवड्यात माझे काम कोठे अडले?"